‘अप्रीती’ : राजद्रोहाच्या कायद्यातील एका शब्दाचा इतिहास

राज्याविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यास शासन करण्याचा अधिकार आजवरच्या प्रत्येक राजसत्तेने स्वतःकडे ठेविलेला आहे आणि त्याबद्दल फारसा वादही नाही. वाद आहे तो निराळाच. बंडाचा आरंभ कोठे धरावयाचा? हातात हत्यार आले म्हणजे, की मनात रोष उत्पन्न झाला म्हणजे? आपल्या देशातील फौजदारी कायद्याने गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली आणि त्यांतील पुष्कळशी उत्तरे मुंबई, पुणे, सातारा व नाशिक येथील मराठी लिखाणावरून झालेल्या खटल्यांतून निघाली. म्हणून हा इतिहास स्मरणिकेच्या वाचकांपुढे, विशेषतः घरोघरच्या तरुण मुलामुलींपुढे मांडणे उचित वाटते. लोकमान्य टिळकांना झालेल्या शिक्षा आपणां सर्वांस ठाऊक आहेत; ज्या एका शब्दाच्या अर्थावर त्या शिक्षा उभ्या होत्या, तो शब्द मात्र फार थोड्यांच्या परिचयाचा असतो.

मेकॉलेच्या नेतृत्वाखालील आयोगाने हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा पहिला मसुदा १८३७ साली तयार केला. त्यात ११३ क्रमांकाचे कलम राजद्रोहाविषयी होते. परंतु १८६० साली संहिता मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली, तेव्हा हे कलम तीत नव्हते. राज्याविरुद्धच्या अपराधांचे सहावे प्रकरण होते, आणि त्यात १२१ वे कलम होते. सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे, तसा प्रयत्न करणे किंवा त्यास चिथावणी देणे यासाठी फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी, आणि शिवाय सर्व मालमत्तेची जप्ती, अशी त्या कलमाची शिक्षा होती. १८५७ चा उठाव नुकताच होऊन गेलेला असताना देखील केवळ लिहिण्याबोलण्याबद्दलचे कलम संहितेत आले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ही उणीव १८७० साली भरून काढण्यात आली. व्हाइसरॉयच्या मंडळातील कायदेमंत्री जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी, ते कलम नजरचुकीने गळले होते असे सांगून, १२४-अ हे नवे कलम संहितेत घातले. वहाबी चळवळीची धास्ती तेव्हा सरकारला वाटत होती. कायद्याने स्थापन झालेल्या सरकारविषयी शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य प्रकारे ‘डिसअफेक्शन’ची भावना उत्पन्न करील किंवा तसा प्रयत्न करील तो अपराधी, असे त्या कलमाचे स्वरूप होते. ‘डिसअफेक्शन’ या शब्दास मराठीत ‘अप्रीती’ असे म्हणतात. सरकारच्या एखाद्या कृत्याविषयी नापसंती दाखविणे म्हणजे अप्रीती नव्हे, मात्र त्या नापसंतीबरोबर सरकारच्या आज्ञेत राहण्याची वृत्ती कायम असली पाहिजे, असे एक स्पष्टीकरणही त्याला जोडलेले होते.

याप्रमाणे एकाच प्रकरणात दोन अगदी भिन्न जातींचे अपराध शेजारीशेजारी येऊन बसले. एक हाताचा, दुसरा मनाचा.

हाताचा अपराध कसा असतो याचे उदाहरण लवकरच महाराष्ट्राने पाहिले. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर त्यांनी रामोशी व इतर साथीदार जमवून १८७९ च्या आरंभी धनिकांवर छापे घातले आणि सरकारला उघड धमकीचा जाहीरनामा काढला. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. पुण्याच्या सेशन कोर्टात त्यांच्यावर खटला चालला तेव्हा त्यांचे वकीलपत्र सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी घेतले. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांना एडनला पाठविण्यात आले आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. फडक्यांविषयी आपल्या मनात आदर आहे. तरीसुद्धा त्यांनी सरकारविरुद्ध सशस्त्र उठाव केला हे कोणी नाकारले नाही, स्वतः त्यांनीही नाही. त्या सरकारला राज्य करण्याचा अधिकार होता काय, हा प्रश्न निराळा. पण अपराधाची व्याख्या आणि घडलेली कृती यांचा मेळ तेथे स्पष्ट होता. हत्यारे, माणसे, छापे, तारखा या सर्वांचा पुरावा डोळ्यांनी पाहता येत होता.

अप्रीतीचे तसे नाही. हा शब्दच मुळात संदिग्ध आहे. संस्कृत वैयाकरणांनी ‘नञ्’ म्हणजे नकारार्थी ‘अ’ याचे सहा अर्थ सांगितले आहेत. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे : अभाव आणि विरोध. ‘अज्ञान’ म्हणजे ज्ञानाचा अभाव. परंतु ‘अधर्म’ म्हणजे नुसता धर्माचा अभाव नव्हे. तो धर्माच्या उलट जाणारा आचार होय. ‘अमित्र’ म्हणजे ज्याच्याशी मैत्री नाही असा कोणीही वाटसरू नव्हे, अमित्र म्हणजे शत्रू. मग ‘अप्रीती’तील ‘अ’ कोणत्या जातीचा? अज्ञानातील की अमित्रातील? पहिला अर्थ घेतल्यास सरकारविषयी मनात प्रेम नसणे हाच अपराध ठरतो आणि मग परक्या राज्यातील निम्मी प्रजा तुरुंगात घालावी लागेल. दुसरा घेतल्यास प्रत्यक्ष वैरभाव सिद्ध करावा लागतो. इंग्रजी शब्दातही हीच अडचण होती आणि न्यायालयांपुढे ती पुन:पुन्हा येत राहिली.

पहिला गाजलेला खटला कलकत्त्यास १८९१ साली ‘बंगवासी’ या बंगाली पत्रावर झाला. संमतिवयाच्या कायद्यावर त्या पत्राने कडक टीका केली होती. मुख्य न्यायाधीश सर कोमर पेथेराम यांनी ज्यूरीला सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना, नावड किंवा द्वेष. ज्यूरीचे एकमत झाले नाही. पुढे दिलगिरी प्रदर्शित झाल्यावर सरकारने खटला पुढे चालविला नाही.

नंतर आले १८९७ साल. पुण्यात प्लेग होता आणि प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमांमुळे लोक संतापलेले होते. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता प्रसिद्ध झाली. वृत्तान्तात अफझलखानाच्या वधासंबंधीचे भाषण होते. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. टिळकांना २७ जुलैला पकडण्यात आले. त्यांचा या वधाशी संबंध होता असा आरोप नव्हता. आरोप केवळ लिखाणातून अप्रीती पसरविल्याचा होता. नातू बंधूंना तर १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखाली कोणताही खटला न चालविता स्थानबद्ध करण्यात आले. तेथे शब्दाचा अर्थ लावण्याचीही गरज सरकारला पडली नाही.

टिळकांच्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला समजावताना अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असे प्रथम सांगितले. पाठोपाठ द्वेष, वैर, नावड, तुच्छता आणि सरकारविषयीचा सर्व प्रकारचा दुष्टभाव तीत येतो, असेही त्यांनी म्हटले. त्याचबरोबर, लेखामुळे दंगा किंवा बंड प्रत्यक्ष झाले की नाही हे पाहण्याचे कारण नाही, ही भावना उत्पन्न करण्याचा प्रयत्न पुरेसा आहे, असे त्यांचे सांगणे होते. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन होते, तिघे हिंदी. सहा जणांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलपुढे अपिलाची परवानगी मागताना त्यांच्या बाजूने बोलले ते आस्क्विथ. परवानगी मिळाली नाही. हेच आस्क्विथ १९०८ साली इंग्लंडचे पंतप्रधान असताना टिळकांना दुसऱ्यांदा शिक्षा व्हावी, हा एक दैवयोगच म्हणावयाचा.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे आणखी एक खटला आला. त्याची आठवण आज कमी लोकांना असते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील इस्लामपूर येथून निघणाऱ्या ‘प्रतोद’ पत्राच्या संपादकास शिक्षा झाली होती आणि अपील पूर्णपीठापुढे होते. मुख्य न्यायाधीश फॅरन, न्या. पार्सन्स आणि तिसरे न्या. महादेव गोविंद रानडे. रानड्यांनी या शब्दाचा अर्थ शांतपणे उकलला. प्रीतीचा नुसता अभाव म्हणजे अप्रीती नव्हे. सत्तेविषयीची ती सक्रिय तिटकाऱ्याची, राजनिष्ठेच्या उलट जाणारी आणि अधिकार झुगारून देणारी वृत्ती होय, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. म्हणजे त्यांनी ‘अमित्र’मधील ‘अ’ पत्करला. मात्र लेख त्या व्याख्येतही बसतो असे ठरून संपादकाचा दोष कायम राहिला. न्यायमूर्ती मराठी असले म्हणजे मराठी लेखक सुटतो, असे काही नव्हते. रानड्यांकडे पाहण्याची ती दृष्टीही योग्य नव्हे. त्यांनी एवढेच केले की शब्दाला एक निश्चित सीमा घालून दिली.

सरकारला ही सीमा सोयीची नव्हती. १८९८ साली कलमाची भाषा बदलण्यात आली. अप्रीतीबरोबर द्वेष व तुच्छता हे शब्द आले आणि अप्रीतीत बेइमानी व सर्व प्रकारच्या वैरभावना येतात, असे स्पष्टीकरण जोडले गेले. वर्गावर्गांत वैर माजविण्याबद्दलचे १५३-अ हे कलमही तेव्हाच आले. त्याच वर्षीच्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १०८ व्या कलमाने, राजद्रोही मजकूर पसरविणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला. त्यासाठी ज्यूरीचीही जरूर नव्हती.

१९०८ साली मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून टिळकांवर दुसरा खटला झाला. न्यायासनावर होते न्या. दिनशा दावर. हे दावर १८९७ साली वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून देण्यासाठी उभे राहिले होते. टिळकांच्या बाजूने बॅ. बाप्तिस्ता यांनी खास ज्यूरीस हरकत घेतली. खास ज्यूरीत युरोपियनांचे बहुमत होणार आणि लेख तर मराठीत लिहिलेले, हा त्यांचा मुद्दा होता. हरकत फेटाळली गेली. सात युरोपियन व दोन पारशी अशी ज्यूरी बसली. मराठी लेखाने मराठी वाचकाच्या मनात कोणती भावना उत्पन्न होईल, याचा निर्णय इंग्रजी भाषांतर वाचून करावयाचा होता. त्यामुळे टिळकांना सरकारी भाषांतरकारांची उलटतपासणी करून एकेका मराठी शब्दाची इंग्रजीत काय छटा होते, यावर झगडावे लागले. आपला बचाव त्यांनी स्वतः केला आणि ज्यूरीपुढे एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण केले. २२ जुलैच्या रात्री सातांनी दोषी व दोघांनी निर्दोष असा कौल दिला. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले.

या खटल्यावरून कोणी असे समजेल की, अडचण केवळ भाषांतराची होती. पण पुढच्याच वर्षी त्याचे उत्तर मिळाले. नाशिकचे बाबाराव, म्हणजे गणेश दामोदर सावरकर यांनी काही मराठी कविता प्रसिद्ध केल्या. त्यांच्यावर राजद्रोहाबरोबरच १२१ व्या कलमाखाली, म्हणजे युद्धाला चिथावणी दिल्याबद्दल, खटला झाला. नाशिकच्या सेशन कोर्टाने जन्मठेप काळे पाणी आणि मालमत्तेच्या जप्तीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयात न्या. चंदावरकर व न्या. हीटन यांनी ती कायम केली. चंदावरकरांना भाषांतराची गरज नव्हती. पौराणिक देवदेवतांच्या व शिवाजी महाराजांच्या आडून कवी वर्तमान सरकारविरुद्ध युद्धाचाच उपदेश करीत आहे, असे त्यांनी मूळ वाचून ठरविले. म्हणजे हत्यार, माणसे व छापे यांच्यासाठी लिहिलेले कलम आता कवितेला लागू झाले. हाताचा अपराध आणि मनाचा अपराध यांतील भिंतच उरली नाही. आणि एवढी कठोर शिक्षा देऊनही शांतता झाली काय? बाबारावांना खटल्यासाठी पाठविणाऱ्या कलेक्टर जॅक्सनचा २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकातच वध झाला.

टिळकांवर तिसरा प्रसंग १९१६ साली आला. बेळगाव व अहमदनगर येथील होमरूलवरील मराठी भाषणांवरून १०८ व्या कलमाखाली त्यांना नोटीस देण्यात आली, तीही २३ जुलैला, त्यांच्या साठाव्या वाढदिवशी. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन मागितले. उच्च न्यायालयात बॅ. जिना टिळकांच्या वतीने उभे राहिले आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. शब्दाची व्याख्या तीच होती, वक्ता तोच होता, भाषाही तीच होती. फरक पडला तो वाचण्याच्या रीतीत. चारदोन झोंबणारी वाक्ये निवडून न काढता भाषणे सबंध वाचली पाहिजेत आणि त्यांचा एकंदर परिणाम पाहिला पाहिजे, असे न्यायमूर्तींनी धरले. टिळकांनी बादशहा आणि नोकरशाही यांत भेद केला होता. नोकरशाहीचा अधिकार लोकांकडे मागणे हा राजद्रोह नव्हे, हे त्यातून निष्पन्न झाले.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस महात्मा गांधींनी या वादाला वेगळेच वळण दिले. अप्रीती पसरविणे हा आपला धर्मच आहे, असे सांगून त्यांनी गुन्हा कबूल केला. प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. न्या. ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला घेऊन त्यांनाही सहा वर्षांचीच शिक्षा दिली.

पुढे १९४२ साली निहारेंदु दत्त मजुमदार यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाचे सर मॉरिस ग्वायर यांनी, सार्वजनिक शांततेचा भंग होण्याचा संभव असेल तरच राजद्रोह, असे ठरविले. परंतु मुंबई इलाख्यातील सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने हे मत अमान्य करून स्ट्रेचींचाच अर्थ पुनः प्रस्थापित केला. पन्नास वर्षे फिरून गाडे मूळ जागी आले.

स्वातंत्र्यानंतर घटनासमितीपुढे आलेल्या मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांमध्ये राजद्रोह हा शब्द होता. १ डिसेंबर १९४८ रोजी कन्हैयालाल मुनशी यांनी तो वगळण्याची सूचना मांडली आणि ती मान्य झाली. लोकशाहीत सरकार बदलण्याची मागणी करणे हा लोकांचा हक्कच असतो, ही त्यामागील भूमिका होती. घटनेतून शब्द गेला, पण दंडसंहितेतील कलम राहिले. पंजाब उच्च न्यायालयाने १९५० मध्ये व अलाहाबादने १९५८ मध्ये ते घटनाबाह्य ठरविले. अखेर २० जानेवारी १९६२ रोजी केदारनाथ सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी कलम ठेवले, मात्र त्याचा अर्थ आकुंचित केला. हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजविण्याचा हेतू वा प्रवृत्ती असेल तरच अपराध. सरकारवरील कडक टीका हा अपराध नव्हे. खुद्द केदारनाथ यांचे अपील मात्र फेटाळले गेले.

या निर्णयानंतर प्रश्न मिटावयास हवा होता. तो मिटला नाही. १९७३ च्या नव्या प्रक्रिया संहितेने हा अपराध दखलपात्र केला. म्हणजे वॉरंटाशिवाय अटक करता येऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाने घातलेली सीमा निकालपत्रात होती, कलमाच्या शब्दांत नव्हती. आणि फिर्याद नोंदविताना पोलिस ठाण्यात उघडले जाते ते कलमाचे पुस्तक. इंग्लंडने आपल्या घरातील राजद्रोहाचा अपराध २००९ च्या कायद्याने रद्द केला. आपल्याकडे ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ चा अंमल स्थगित ठेविला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा जुनी संहिताच गेली. युद्ध पुकारण्याचे कलम तीत १४७ वे झाले. राजद्रोह हे नाव उरले नाही, अप्रीती हा शब्दही नाही. त्यांच्या जागी आलेले १५२ वे कलम फुटीरपणा, सशस्त्र बंड, विध्वंसक कारवाया यांना चिथावणी देणे आणि देशाचे सार्वभौमत्व, ऐक्य व अखंडता धोक्यात आणणे याविषयी आहे. जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद अशी त्याची शिक्षा आहे. सरकारऐवजी देश हा शब्द आला, हा बदल लहान नव्हे. तथापि फुटीर कारवायांच्या ‘भावनांना’ उत्तेजन देणे हेही त्या कलमात आहे. तेव्हा भावना कायद्याच्या पुस्तकातून अजून गेलेली नाही आणि तिचा अर्थ लावण्याचे काम पुनः न्यायालयांकडे आले आहे.

या सबंध इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. राज्य टिकावे म्हणून सशस्त्र बंडाविरुद्ध कायदा असणे अवश्य आहे. परंतु जो कायदा मनातील भावनेला शिक्षा करतो, त्याचा निकाल आरोपीच्या कृतीपेक्षा वाचणाऱ्याच्या मनावर अधिक अवलंबून राहतो. स्ट्रेचींना जे दिसले ते तिघा हिंदी ज्यूरींना दिसले नाही. सात जणांनी जे वाचले ते दोघांनी वाचले नाही. मॅजिस्ट्रेटने जे ऐकले ते बॅचलरांना आढळले नाही. यास्तव कृती आणि भावना यांमधील भिंत कायद्याने राखावी, आणि नागरिकांनी ती राखली जाते की नाही याकडे लक्ष ठेवावे. वृत्तपत्रात अशा खटल्याची बातमी वाचताना आपण आधी दोन गोष्टी विचाराव्यात : त्या माणसाने प्रत्यक्ष केले काय? आणि त्याचे बोलणे कोणी सबंध वाचले आहे काय? तो आपल्या मताचा असो वा नसो, आपल्या समाजाचा असो वा नसो, हे दोन प्रश्न सारखेच लागू पडतात.

मुंबई उच्च न्यायालयात, ज्या दालनात टिळकांना १९०८ साली शिक्षा झाली त्या दालनाबाहेर, निकालानंतर त्यांनी काढलेले उद्गार कोरलेली शिला आहे. टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५६ साली, मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. ज्या न्यायालयाने त्यांना अपराधी ठरविले, त्याच न्यायालयाने त्यांचे शब्द जतन करून ठेविले आहेत. मुलांना मुंबई दाखविताना ती शिला अवश्य दाखवावी; आणि हा मनुष्य एका शब्दाच्या अर्थासाठी मंडालेस गेला, हेही त्यांना सांगावे.